दोन पिशव्या

आईच्या कपाटात दोन पिशव्या असायच्या. एक जाड प्लॅस्टिकची, चेनवाली, कुठल्याशा औषधकंपनीचं नाव छापलेली. दुसरी घरी शिवलेली, बाबांच्या जुन्या पायजम्याच्या कापडाची, नाडीची. पहिलीत मिरजेच्या दवाखान्याची फाइल, रक्ताचे रिपोर्ट, हातांचे एक्सरे आणि गोळ्यांच्या पट्ट्या. दुसरीत सांगलीच्या वैद्यबाईंची वही, गुग्गुळाच्या डब्या, काढ्याची बाटली, सुंठीची पुडी. मिरजेला जाताना पहिली निघायची, सांगलीला जाताना दुसरी. दोन्ही पिशव्या एकदम घराबाहेर पडल्याचं मी तीन-साडेतीन वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं.

माझं पोट हिशेब तपासणीवर चालतं. दोन वह्या ठेवणारे व्यापारी मी पुष्कळ पाहिलेत. एक वही साहेबाला दाखवायची, दुसरी गादीखाली. अशा माणसाच्या बोलण्यातला अडखळा मला फोनवरसुद्धा ऐकू येतो. पण निवृत्त शिक्षिका असलेली, हयातीत कुणाचे पाच रुपये न बुडवलेली माझी आई तेच करत होती, आणि ते मला दिसत असूनही मी त्याला तसं नाव दिलं नव्हतं.

दुखणं सुरू झालं २०१७ च्या उन्हाळ्यात. सकाळी उठल्यावर बोटं मिटायची नाहीत. सांडशी धरता यायची नाही, ब्लाउजची हुकं लागायची नाहीत. तास-दीड तास गेला की हात हळूहळू सैल व्हायचे आणि दुपारपर्यंत आपल्याला काही झालंच नव्हतं असं तिला वाटायचं. त्यामुळे दोन महिने 'वय झालं' यावर निभावलं. मग मनगटं सुजली. मिरजेत रक्त तपासलं, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, संधिवाताच्या या दोन्ही खुणा चढलेल्या निघाल्या. मिरज हे गाव दवाखान्यांचं. विल्यम वॉन्लेस या मिशनरी डॉक्टरने १८९४ मध्ये तिथे रुग्णालय काढलं, तेव्हापासून कर्नाटकातून आणि कोकणातून माणसं दुखणी घेऊन तिथे उतरतात. आमच्याकडे तर 'मिरजेला नेलंय' एवढंच म्हटलं तरी ऐकणारा गंभीर होतो.

संधिवाताच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट सुरू केली. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी. चिठ्ठीवर 'बुधवार' असं लाल शाईने लिहून खाली दोन रेघा मारल्या, कारण चुकून रोज घेतली तर ही गोळी जिवावर बेतते. आमच्या घरात तिचं नाव 'बुधवारची' पडलं. दुसऱ्या दिवशी फॉलिक अॅसिड, ती 'गुरुवारची'. शिवाय रोजची हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, जिच्यासाठी वर्षाकाठी डोळे तपासून घ्यायचे. डॉक्टर म्हणाले, गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतील, धीर धरा.

त्या सहा ते आठ आठवड्यांतच सगळं घडलं. शेजारच्या काकूंच्या भाच्याने इंटरनेटवर बघून सांगितलं की ही कॅन्सरची गोळी आहे. त्यात खोटं काहीच नव्हतं. हे औषध मुळात कॅन्सरसाठीच आलं, संधिवातात ते फार कमी मात्रेत देतात. पण 'मात्रा' हा शब्द वाक्याच्या शेवटी येतो आणि 'कॅन्सर' सुरुवातीला. आई घाबरली. गोळी घेत राहिली, पण मनातून उतरलेल्या माणसाला जेवायला वाढावं तशी. आणि एका सोमवारी एकटीच एसटीने सांगलीला जाऊन वैद्यबाईंना भेटून आली.

वैद्यबाईंनी तिला चाळीस मिनिटं दिली. हा आकडा मला आईने कितीदा तरी ऐकवलाय. भूक कशी लागते, जीभ सकाळी कशी असते, शौचाला कसं होतं, दुखणं पहाटे वाढतं की ढग आल्यावर, झोपेतून कितीदा जाग येते. मिरजेत डॉक्टरांच्या दाराबाहेर साठ माणसं बसलेली असायची, तिथे आमच्या वाट्याला सहा मिनिटं यायची. त्या सहा मिनिटांत ते सांधा न् सांधा दाबून बघायचे आणि नेमकं निदान करायचे, हेही खरं. पण माणूस आपली कहाणी कुणाला तरी अथपासून इतिपर्यंत सांगायला टपलेलाच असतो. आईला ते चाळीस मिनिटांचं ऐकणं हेच पहिलं औषध वाटलं असणार.

वैद्यबाई म्हणाल्या, हा आमवात. साध्या, वयोमानाच्या संधिवातापासून आयुर्वेदाने तो वेगळा काढला माधवनिदान या ग्रंथात, म्हणजे बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी. न पचलेल्या अन्नाचा चिकट 'आम' सांध्यांत जाऊन बसतो, अशी त्यामागची कल्पना. म्हणून दही बंद, रात्रीचं जेवण सातच्या आत, सुंठीचं पाणी. सिंहनाद गुग्गुळ आणि रास्नासप्तक काढा. आणि तेल लावायचं नाही! हे ऐकून आमची आत्या हिरमुसली. ती रोज संध्याकाळी महानारायण तेलाची वाटी घेऊन आईच्या पायाशी बसायची, त्यातच तिचं प्रेम होतं. वैद्यबाई ठाम होत्या. आम असताना तेल चोळलं तर सूज वाढते, शेक द्यायचा तो कोरडा, वाळूच्या पुरचुंडीचा. पोटात मात्र एरंडेल. शरीराच्या रानात हिंडणाऱ्या आमवात नावाच्या हत्तीला मारणारा सिंह एकच, तो एरंडेल, असा जुना श्लोक त्यांनी आईला म्हणून दाखवला. मराठी आणि संस्कृत शिकवण्यात जिचा जन्म गेला, तिला श्लोकासकट औषध मिळाल्यावर ती परत कशाला येतेय!

त्या दिवाळीत आईने चकलीचा सोऱ्या स्वतः फिरवला. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, बघा, मेथोट्रेक्सेट लागू पडली. वैद्यबाई म्हणाल्या, बघा, पचनाचा अग्नी सुधारला. आई दोघांपुढेही मान डोलावून आली.

लपवाछपवी कशी सुरू झाली तेही सांगायला हवं, कारण त्यात दुष्ट कुणीच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत डॉक्टरांना फाइलमधून डोकावणारी एक पुडी दिसली. ते म्हणाले, "हे जडीबुटी बंद करायचं हं, मावशी. लिव्हर जाईल." काळजी रास्त होती, कारण मेथोट्रेक्सेट यकृतावर ताण आणू शकते आणि त्यावर आणखी काय पडतंय हे त्यांना कळायलाच हवं. पण 'जडीबुटी' हा शब्द आईला लागला. त्या दिवसापासून नाडीची पिशवी वेगळी झाली. तिकडे वैद्यबाई विचारायच्या, "काकू, ती गोळी चालू आहे ना? किती घेता?" आई सांगायची, "कमी केलीय." कमी बिमी काही केली नव्हती. वैद्यबाईंना वाईट वाटू नये म्हणून सांगितलेलं ते गोड खोटं होतं. पाहुण्यांच्या घरी दोनदा जेवून, दोघींनाही 'तुमच्याचकडे पोट भरलं' म्हणण्यातला प्रकार.

आणि मग आलं २०२०.

त्या वर्षी महाराष्ट्रात काढा न उकळलेलं घर सापडणं कठीण. आमच्या वाड्याच्या मागे कडुलिंबावर गुळवेल चढलेली आहे, आणि लिंबावरची गुळवेल सगळ्यांत गुणकारी असा समज. मे महिन्यापासून अख्खी आळी त्या वेलीवर जगत होती. आईही रोज सकाळी बोटभर कांडं ठेचून, उकळून, अर्धा पेला रिकाम्या पोटी घ्यायची. प्रतिकारशक्ती वाढायला. आठ महिने. मधल्या काळात मिरजेला जाणं थांबलेलं, डॉक्टर फोनवरच त्याच गोळ्या पुढे चालू ठेवायला सांगत होते आणि दर तीन महिन्यांनी व्हायची ती रक्ततपासणी दोनदा चुकली.

जानेवारी २०२१ मध्ये मी पुण्याहून गेले तेव्हा आईला जेवण जात नव्हतं. मिरजेत रक्त दिलं. यकृताची सूज दाखवणारं एसजीपीटी चाळिशीच्या आत हवं, ते निघालं २१२. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट तिथल्या तिथे थांबवली, काविळीच्या तपासण्या लिहिल्या, सोनोग्राफी लिहिली आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "आणखी काही घेता का मावशी? घरचं, गावठी, कसलंही?"

आई म्हणाली, "नाही."

मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. नाडीच्या पिशवीबद्दल मला ठाऊक होतं. मीही काही बोलले नाही. आईला परक्यासमोर खोटं पाडायचं नाही हा संस्कार म्हणा, किंवा डॉक्टर रागावतील ही शाळकरी भीती म्हणा. कुठल्या तरी कंपनीच्या संचालकासमोर बसून 'ही नोंद कुठाय?' असं बेधडक विचारणारी मी, त्या खुर्चीत आठवीतली मुलगी झाले. पुढे त्या गप्प बसण्याचा विचार मी आईच्या दुखण्यापेक्षाही जास्त केला असेन.

त्या रात्री कॉटवर दोन्ही पिशव्या उलट्या केल्या. वहीत उभे रकाने आखले. औषध, कुणी दिलं, कधीपासून, किती, कधी थांबलं. आई भिंतीला टेकून बसली होती. गोळी बंद झाल्याने हात पुन्हा फुगायला लागले होते. सगळं मांडून झाल्यावर मी सहज विचारलं, "आणि गुळवेल?"

"ती कशाला लिहितेस? ते काय औषध आहे होय? वेल आहे की आपली."

तिथे माझी पेन्सिल थांबली. एक गोळी शरीराची प्रतिकारशक्ती मुद्दाम खाली ओढण्यासाठी होती, कारण आईचा आजारच असा की तिची प्रतिकारशक्ती चवताळून तिच्याच सांध्यांवर तुटून पडलेली. आणि रोज सकाळी रिकाम्या पोटी तीच प्रतिकारशक्ती वर चढवायचा बेत. ही विसंगती कळायला डॉक्टर असावं लागत नाही. दोन्ही नोंदी एका पानावर दिसाव्या लागतात, इतकंच. तसं पान जगात कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सांगलीला गेले आणि वैद्यबाईंपुढे ते पान ठेवलं. त्यांनी वाचलं, 'कमी केलीय' या गोळीचा खरा हिशेब बघितला, आणि आईवर रागावतील असं वाटत असताना आपल्याच काढ्याची बाटली फिरवून लेबल वाचायला लागल्या. रास्ना, गुळवेल, बहावा, देवदार, गोखरू, एरंडमूळ, पुनर्नवा. "यातही गुळवेल आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे माझ्याकडूनही जात होती. हा काढा आज बंद. गुग्गुळही बंद. शेक आणि पथ्य राहू दे. नंबर द्या त्यांचा."

"कुणाचा?"

"तुमच्या डॉक्टरांचा."

असा फोन मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होते. वैद्यबाईंनी आपलं नाव, शिक्षण सांगितलं आणि म्हणाल्या, "आपली एक पेशंट सामाईक आहे. मला माहीत नव्हतं, तुम्हालाही नव्हतं." पलीकडे क्षणभर शांतता. मग त्या काय-काय दिलं ते मात्रेसकट सांगत गेल्या. डॉक्टरांनी विचारलं, पारा, शिसं असलेलं काही? त्या म्हणाल्या, सिंहनाद गुग्गुळात शुद्ध गंधक असतो, पारा नाही, आणि बॅच नंबर असलेल्या डबीशिवाय मी देत नाही. डॉक्टर म्हणाले, गुळवेलीवरून चढलेल्या लिव्हरच्या केसेस सध्या कानांवर येताहेत. त्या म्हणाल्या, मी पण सगळ्यांना सांगते, घरची वेल ओळखून कोण घेतो? चार मिनिटं झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, "बरं झालं फोन केलात, मॅडम." 'मॅडम' ऐकून वैद्यबाई हसल्या.

ठरलं ते असं. सगळं थांबवायचं. हात सुजतील त्यासाठी थोडे दिवस स्टेरॉइडची अगदी लहान मात्रा. वाळूचा शेक चालू. दर पंधरवड्याला रक्त. एसजीपीटी ताळ्यावर आलं की आधी मेथोट्रेक्सेट, कमी मात्रेत. मग दोन महिने थांबून हवं असेल तर गुग्गुळ, तोही रक्त बघत. एका वेळी एकच गोष्ट आत घ्यायची, म्हणजे बिघडलं तर कुणामुळे ते कळेल. हिशेबाच्या माणसाला यापेक्षा सुंदर कलम सापडणार नाही. आकडे २१२ वरून ७४ वर आले, मग ३८ वर. गुन्हेगार मात्र सिद्ध झाला नाही. गुळवेल असेल, मेथोट्रेक्सेट असेल, दोघांची जोडी असेल. आमच्या घरात तो खटला अजून उभा आहे.

त्यानंतर मी वाचायला लागले. २०२१ च्या पावसाळ्यात मुंबईच्या यकृततज्ज्ञांचा शोधनिबंध बातम्यांत आला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात त्यांच्याकडे सहा माणसं आली होती, सहाही गुळवेल घेणारी, सहांचीही यकृतं सुजलेली. आयुष मंत्रालयाने ठणकावून सांगितलं की गुळवेल सुरक्षित आहे, अभ्यासकांनी दुसरीच सारखी दिसणारी वेल धरली असेल. पुढे देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती छापली. त्यातल्या कित्येकांच्या शरीरात स्वतःवरच उलटणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या खुणा होत्या. टीव्हीवर यावर भांडण झालं ते ठरलेल्या रिंगणात. एकीकडे 'आमच्या ऋषींचा अपमान', दुसरीकडे 'सगळा भोंदूपणा'. आई ते बघत म्हणाली, "यांच्यापैकी कुणाचे हात दुखतायत का?"

मला त्याहून जुनी, मुंबईच्याच केईएम रुग्णालयातली एक गोष्ट सापडली आणि ती डोक्यातून जात नाही. अपस्माराच्या म्हणजे फिटच्या रुग्णांना तिथे फेनिटॉइन ही फिट रोखणारी गोळी द्यायचे आणि रक्तातली तिची पातळी मोजायचे. दोन रुग्णांची पातळी गोळी चालू असतानाही घसरलेली आढळली, फिट परत आलेल्या. चौकशी केल्यावर निघालं की ते शंखपुष्पीचं सरबत घेत होते. तेच, जे आपण दहावीच्या पोरांना बुद्धी तल्लख व्हावी म्हणून पाजतो. मग त्या मंडळींनी उंदरांवर प्रयोग केले, तिथेही शंखपुष्पी फेनिटॉइनची पातळी खाली आणताना दिसली. १९९२ मध्ये हे छापून आलं. यात मला ओढून घेतं ते त्या दोन रुग्णांना विचारणारं कुणीतरी. त्याने ज्या सुरात विचारलं असेल, त्या सुरामुळेच 'हो, सरबत घेतो' असं उत्तर आलं. 'जडीबुटी' म्हणून विचारलं असतं तर दोघंही 'नाही' म्हणाले असते आणि उंदीर वाचले असते.

आणि केईएमचाच दुसरा माणूस, डॉ. रुस्तम जाल वकील. वैद्यांची सर्पगंधा रक्तदाबावर चालते, हे बिहार-बंगालकडे माहीत होतं, कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ मध्ये लिहिलंही होतं. वकिलांनी मुळी रुग्णांना दिली, दाब मोजले, नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध छापला. जग जागं झालं. तीनच वर्षांत स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेझर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं. मग हेही कळलं की मात्रा जास्त झाली तर त्याने माणूस उदास होतो. झाडापाल्याचं म्हणून निर्धोक, हा भ्रम तिथेच संपायला हवा होता. आपण तो सत्तर वर्षं पुरवून पुरवून वापरतोय.

आईच्या नेमक्या दुखण्यावरही कुणी दोन पिशव्यांचा हिशेब मांडलाय का, हे मी शोधलं. मांडलाय. कोइमतूरमध्ये, अमेरिकी सरकारच्या पैशातून. २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. संधिवाताचे ४३ रुग्ण, तीन गट. एकाला मेथोट्रेक्सेट आणि आयुर्वेदाची नकली औषधं, दुसऱ्याला आयुर्वेदाची खरी औषधं आणि मेथोट्रेक्सेटची नकली गोळी, तिसऱ्याला दोन्ही खरी. ३६ आठवडे कोण काय खातंय हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. तिन्ही गटांना साधारण सारखाच गुण आला. वैद्यबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या खुलल्या. डॉक्टर म्हणाले, ४३ फार थोडे. दोघंही बरोबर. मी मात्र तिसऱ्या गटाकडे बघत बसले. तिसरा गट म्हणजे माझी आई, आणि दोन्ही घेऊन तिला दुप्पट बरं वाटणार नव्हतं. पुण्यासह काही शहरांत गुडघ्यांच्या झिजेवरही मोठी चाचणी झाली, ४४० रुग्णांची. आयुर्वेदिक मिश्रणं ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब या गुडघेदुखीच्या नेहमीच्या गोळ्यांच्या तोडीस उतरली, पण काही जणांचं एसजीपीटी चढलं, आणि संशोधकांनी ते लपवलं नाही, निबंधात स्पष्ट लिहिलं. माझा विश्वास बसला तो या दुसऱ्या वाक्यामुळे.

काही ठिकाणी ही दोस्ती मुकाट्याने चालूही आहे. माझ्या दिराला भगंदर झालं होतं, दोनदा शस्त्रक्रिया होऊन उलटलं. तिसऱ्या वेळी सर्जननेच सांगितलं, क्षारसूत्र करून घ्या, आणि समोरच्या गल्लीतल्या वैद्यांचं नाव दिलं. थुवराचा चीक, हळद आणि आघाड्याचा क्षार यांची पुटं दिलेला दोरा. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्याची पारख १९९१ मध्येच छापली होती. शस्त्रक्रियेपेक्षा भरून यायला वेळ जवळजवळ दुप्पट, पण परत उलटण्याचं प्रमाण ११ टक्क्यांच्या जागी ४ टक्के. सर्जनला ते आकडे पाठ होते. दीर आठवड्याला दोरा बदलून घ्यायचा, ओय-ओय करत यायचा, पण बरा झाला.

सरकारला मात्र एकत्र येणं म्हणजे एकाच माणसाने दोन्ही करणं असं वाटतं. आई गुळवेल उकळत होती त्याच दिवसांत, नोव्हेंबर २०२० मध्ये, आयुर्वेदाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ५८ शस्त्रक्रिया शिकवण्याचा आदेश निघाला आणि ११ डिसेंबरला अॅलोपथीच्या डॉक्टरांनी देशभर बंद पाळला. आपल्याकडे होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करून अॅलोपथीची औषधं द्यायची की नाही, यावर २०१४ पासून कायदा, कोर्ट आणि संप असा फेरा चालू आहे. खेड्यात रात्री दोनला दार उघडणारा डॉक्टर बहुधा बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचा पदवीधरच असतो आणि तो सलाइनच लावतो, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच्याबद्दल वाकडं बोलायची माझी हिंमत नाही, बाबांना त्या शेवटच्या रात्री असाच एक जण बघायला आला होता. पण ही खिचडी झाली. मला हवं होतं ते ताट. लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, जो तो आपल्या जागी, आणि वाढणाऱ्याला पूर्ण ताट दिसणारं. आमच्या बाबतीत वाढणारी आई होती आणि तिने ताटावर मधोमध पडदा लावला होता. तो तिने हौसेने लावला नव्हता.

फोननंतर वैद्यबाई आणि डॉक्टर यांची मैत्री वगैरे झाली नाही. कधी भेटलेही नसावेत. पण डॉक्टरांच्या फाइलमध्ये एका पानावर त्यांनी स्वतः देवनागरीत 'गुग्गुळ — सध्या बंद' असं लिहिलंय, आणि वैद्यबाईंच्या वहीत दर भेटीला वर एसजीपीटीचा आकडा असतो, मग जिभेचं वर्णन. जून महिन्यात गुग्गुळ पुन्हा सुरू झाला, अर्ध्या मात्रेत. डॉक्टर म्हणाले, मला यातलं कळत नाही, पण रक्त बघत राहू. 'मला यातलं कळत नाही' हे वाक्य एखाद्या तज्ज्ञाच्या तोंडून ऐकायला मिळालं, तर ते जपून ठेवावं.

आता पिशवी एकच आहे. मीच आणली, खादीची, मोठी, दोन कप्प्यांची. आई ती कुरकुरत घेऊन जाते, जड होते म्हणते. गेल्या महिन्यात मिरजेला मी सोबत होते. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही, मावशी?" आईने ताठ बसून, शाळेत हजेरी द्यावी तसं सगळं सांगितलं. बुधवारची, गुरुवारची, गुग्गुळ सकाळ-संध्याकाळ एक-एक, सुंठीचं पाणी, एरंडेल आठवड्यातून एकदा चपातीच्या कणकेतून. डॉक्टरांनी टिपून घेतलं. मला अभिमान वाटला.

परत येताना रिक्षात सुट्टे पैसे शोधायला मी पिशवीत हात घातला, तर तळाशी वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली एक पुडी लागली. आत काळ्या, मिरीएवढ्या गोळ्या. लेबल नाही, नाव नाही.

"आई, हे काय?"

ती बाहेर बघायला लागली. "काही नाही गं. देवळात एक बाई भेटतात, त्यांच्या गावचा एक जण देतो. त्यांचे गुडघे चार दिवसांत राहिले."

"घेतलीस?"

"दोनच."

मी रिक्षावाल्याला म्हटलं, "दादा, मागे वळवा."

"अगं, साठ माणसं बसलीयेत तिथं," आई म्हणाली, पण पुडी तिने माझ्या हातातून काढून घेतली नाही.

रिक्षा वळली तेव्हा मी सांगलीचा नंबर लावत होते.